जवाई विहिरीत बसले

थांबा बे, पहिले बसू द्या. चहा सांगा, अन् माह्या चहात साखर जास्त टाकाले सांगा, आंगात काही राह्यलंच नाई. तुम्ही सगळे लोकायच्या तोंडून ऐकून बसले, की धम्यानं सासऱ्याले गाडी मागतली अन् नाई भेटली म्हणून विहिरीत जाऊन बसला. नांदुरा-मोताळा कोणत्याबी बसमधी चढलो, की एक तरी माणूस मले पाहून बाजूच्याले कोपर मारते. आता खरं काय झालं ते सांगतो. मधात बोलू नका, माहा दम तुटते.

सुरू झालं स्कुबापासून. स्कुबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची अन् समुद्राच्या खाली जाऊन मासे पाहाचे. तिकडं मालवणले करतात. म्या मोबाइलवर पाह्यलं. एक माणूस पाण्याखाली एकटाच, आजूबाजूले सगळं निळं. त्याले कोणी हाक मारून नाई राह्यलं, कोणी 'अहो, सिलेंडर संपलं' म्हणून नाई राह्यलं, कॉलेजचे प्राचार्य 'धम्मरत्न, ती फाइल कुठी हाय' विचारून नाई राह्यले. अन् खाली लिहेल होतं, पोहता येत नसलं तरी चालते. त्या एका ओळीनं माहा घात केला.

कारण मले पोहता येत नाई. अन् पायलले येते. येते म्हणजे, तुमच्या वहिनीले मासोळीसारखं येते. नांदुऱ्याबाहेर मामाजीचं, म्हणजे माह्या सासऱ्याचं, वावर हाय, तिथी ही मोठी दगडी विहीर हाय, अन् त्या विहिरीत ती लहानाची मोठी झाली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळे पोहाले गेले. पायलनं काठावरून अशी उडी मारली, की पाणी थेट माह्या शर्टावर. साळी उडली, चुलत साळे उडले, साठीतले मामाजी धोतराचा काचा मारून उडले. अन् मी? मी काठावर सगळ्यायचे टॉवेल धरून बसलो. एका म्हातारीनं माह्या सासूले, मामीले, हळूच विचारलं, "जवाईले काही त्रास हाय का वं?" तो टॉवेल मी अजून आंगावर वागवतो बे.

म्हणून ठरवलं. एकटं जायचं, समुद्राच्या तळाशी बसून फोटो काढायचा, घरी येऊन काही बोलायचं नाई, फक्त फोटो टीव्हीजवळ ठेवायचा. इतकंच. एका माणसाची इतकी छोटी इच्छा. मले वाटलं होतं सोपं काम हाय.

जेवता जेवता पायलले सांगतलं. तिनं भाकर थापता थापता हात थांबवला.

"किती खोल?"

"तीन-चार माणसं उभे एकावर एक."

"सोबत कोण?"

"एकटाच."

"एकटेच काऊन?"

आता ह्याचं उत्तर माह्यापाशी होतं, पण ते टॉवेलवालं उत्तर बायकोले कसं सांगू? म्या म्हनलं, "असंच. शांती भेटते म्हणतात."

"इथी भेटत नाई?"

"तसं नाई..."

"मंग जा की. मले काय विचारता? मी काय समुद्राची मालकीण हाय?"

यानंतर ती चिडली नाई, रडली नाई. ती चांगली वागायले लागली. सकाळी चहा मागायच्या आधी समोर. इस्त्रीचे कपडे. "अजून वाढू का?" तुमचं लग्न झालं म्हणजे समजन, बायको भांडते तवा घर चालू असते. बायको अदबीनं बोलायले लागली, की माणसानं पाण्याची बाटली उचलून बाहेर निघावं.

अन् बाहेर कोण? बाहेर पुष्पाबाई. आमच्या भिताडाले भिताड लागेल. त्यायनं पायलले फाटकापाशी गाठलं. "भांडण झालं का वं? नाई, नवरा एकटाच चालला ना म्हणे समुद्रावर." पायल म्हणे, नाई काकू, ते मासे पाहाले जाऊन राह्यले. पुष्पाबाईनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं काही मासे हे कोण्या बाईचं नाव हाय.

वरच्या मजल्यावर घरमालक महादेवराव. रिटायर झाल्यापासून त्यायले सल्ल्याशिवाय दुसरं काम नाई. जिन्यात धरलं मले. "धम्मरत्न, बसा. समुद्र पाहाचा ना? काठावरून पाहा. आपला जिल्हा समुद्रापासून इतका लांब आहे, त्याला काही कारण असन की नाई? अन् एकट्यानं? मी अख्ख्या नोकरीत एकट्यानं गेलो तो फक्त मोरीत, अन् तिथंबी ही बाहेरून विचारायची, झालं का म्हणून." तास गेला. शेवटी म्हणे, "जातच असाल तर टॉर्च न्या. खाली अंधार असतो."

मंग रजा. प्राचार्यांनी अर्ज पाह्यला. "खाजगी काम असं नाई चालत. लग्न, मरण, आजारपण. तुमचं यातलं कशात बसते?"

"सर, कशातच नाई."

"मंग कारणाची जागा कोरी ठेवा. जाऊन आल्यावर भरू. तिन्हीपैकी काही ना काही झालंच असन."

मंग डॉक्टर. मालवणवाल्यायले तब्येतीचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. डॉक्टर म्हणे, समुद्राखाली जायचा नमुना आमच्याकडं नाई. पोलीस भरतीचा हाय, तो चालीन का? म्या म्हनलं चालीन. त्यायनं माही छाती मोजली. मंग म्हणे फुगवा. म्या फुगवली. त्यायनं टेप पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, अन् कंपाउंडरले म्हणे, "फुगवल्यावरचीच लिही." बाहेर रांगेतल्या बाया म्हणायले लागल्या, या वयात भरती? म्या मान खाली घालून निघालो. तब्येत ठीक निघाली, इज्जत तिथीच राह्यली.

मालवणवाल्यायच्या कागदावर एक सही बाकी होती. घरच्या माणसाची. पायलनं पेन हातात घेतला. टोपण काढलं. मंग टोपण लावलं. "एकटेच काऊन ते सांगा, करते सही." अन् पेन पर्समधी टाकून शाळेत गेली.

आता इथं एक गोष्ट सांगतो, ती ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर हाय. पायल शिक्षिका. लग्न ठरलं तवा तिनं दोन्ही घरच्यायसमोर सांगतलं होतं, देणंघेणं झालं तर मी उभी राहणार नाई. म्या म्हनलं, मलेबी काहीच नको. त्या एका वाक्यावर तिनं मले हो म्हनलं बे, माह्या थोबाडावर नाई. ती वर्गातल्या मोठ्या पोरींयले हेच सांगते. हुंडा घेणाऱ्याले नाई म्हणा, माह्या घरी आम्ही काही घेतलं नाई. पण मामाजीच्या मनात ते सलत होतं. कारण धाकटी साळी मंजुश्री अन् तिचा नवरा रवी. रवीले लग्नात सोन्याची अंगठी घातली, त्यानं बोट पुढं केलंच होतं. तवापासून मामाजी मले पाह्यलं की माह्या बोटाकडं पाहात अन् उसासा टाकत. "मोठ्या जवायाले आपण काहीच नाई दिलं," असं दर सणाले. मी म्हणो, खरंच काही नको. अन् मी जितकं नको म्हणो, तितके ते दुःखी होत.

ध्यानात ठेवलं? चला पुढं.

मालवणच्या पोराले फोन केला. तो म्हणे, "घाबरू नका हो, घरी सराव करा. तोंड पाण्यात घाला अन् नळीनं तोंडानं श्वास घ्या. नाकानं नाही." म्या ठिबकच्या नळीचा तुकडा आणला, शाळेतल्या पोट्ट्याचा पोहायचा चष्मा आणला, अन् मोरीत बादलीत तोंड घातलं. मस्त जमलं. पाच-दहा वेळा ठसका लागला, पण जमलं. तितक्यात पायलनं दार ठोकलं.

"नळ आठ दिवसाआड येते. त्या बादलीत काय करून राह्यले?"

म्या नळी काढून म्हनलं, "सराव."

"त्याच पाण्यानं फरशी पुसा मंग. सराव झाला की."

फरशी पुसता पुसता मले मामाजीची विहीर आठवली. अन् योगबी असा, की येत्या रविवारी सगळे शेगावले चालले होते. चुलत साळ्याचं साक्षगंध, साखरपुडा. वावरात काळं कुत्रं नसन. म्या पायलले सांगतलं, कॉलेजात काम हाय, तू हो पुढं. ती नवी साडी नेसून, केसात गजरा माळून एकटीच गेली. दारात वळून एकदा पाह्यलं फक्त.

मी नांदुऱ्याले उतरलो, वावरात गेलो. कापूस फुटेल होता, थंडी चांगली होती. विहिरीले आतून दगडी पायऱ्या हायत अन् पाण्यापाशी लोखंडी कड्या. पॅन्ट-शर्ट, मोबाइल काठावर ठेवला, चड्डीवर उतरलो, छातीभर पाण्यात गेलो, कडी धरली, चष्मा लावला, नळी तोंडात घेतली अन् तोंड पाण्यात घातलं. राजेहो, काय सांगू. हिरवंगार पाणी. कानात फक्त माहा श्वास. मले वाटलं, मी मालवणात हाय. मले वाटलं, पायल, पाह्य आता.

अन् वरून आवाज आला, "कोण हाय बे विहिरीत?"

बाजूच्या वावरातला कचरू. मी नळी तोंडात घेऊन कसं बोलू? म्या हात हालवला. कचरूनं वाकून पाह्यलं. "जवाई? मोताळ्याचे जवाई? अहो, काय झालं? बोला ना! काऊन बसले असे?" म्या ठसकत ठसकत नळी काढीपर्यंत तो पळालाबी होता. अन् पळताना बेट्यानं माही पॅन्ट अन् मोबाइल उचलून नेला. मंग विचारलं म्या त्याले, पॅन्ट काऊन नेली? म्हणे, पॅन्ट नसली की माणूस दुसरीकडं कुठी जीव द्यायले जाणार?

तितक्यात कापूस वेचणाऱ्या बाया आल्या. कमरेले कापसाचे ओटे बांधेल, विहिरीच्या काठावर गोल उभ्या. मी चड्डीवर. आता मी वर येऊ कसा? गळ्यापर्यंत पाण्यात गेलो. एक म्हातारी म्हणे, "काय करून राह्यला बाप्पा?"

म्या म्हनलं, "काही नाई मावशी, सराव करून राह्यलो."

"कायचा?"

"समुद्रात बुडायचा."

झालं. दोघी तिथीच पदर डोळ्याले लावून बसल्या. "लेकरू किती शांत बोलते वं," म्हणे.

तिकडं कचरूनं वावराच्या धुऱ्यावर चढून मामाजीले फोन लावला. शेगावात पोरीच्या कपाळाले कुंकू लावायची वेळ, अन् फोनवर कचरू: "जवाई विहिरीत बसले. बोलत नाईत. निघत नाईत." मामाजीनं डोक्यात जुळवलं. जवाई साक्षगंधाले आले नाई. पायल एकटी आली, तोंड उतरलेलं. जवाई एकटेच कुठंतरी चालले म्हणून पुष्पाबाईकडून मामीच्या कानावर गेलंच होतं. सगळं जुळलं बे! साक्षगंधाच्या मांडवात मामाजी उभे राहून म्हणाले, "मोठे जवाई रुसले."

आता रुसलेला जवाई म्हणजे आपल्याकडं काय असते, तुम्हाले मी काय सांगू. कोणी जेवाले बसत नाई, कोणी गाडीत बसत नाई, कोणी मारुतीच्या पारावर जाऊन झोपते. पण विहिरीत बसलेला पहिलाच. साक्षगंध तिथीच ठेवून दोन जीपा भरून लोक निघाले. ज्याचं साक्षगंध होतं तो नवरदेवबी आला.

शेगावाहून येईपर्यंत मी पाण्यात. बोटं सुकेल खारकेसारखे झाले. बाया हालेनात. म्या तीनदा म्हनलं, तुम्ही जरा तिकडं व्हा, मी निघतो. त्या म्हणत, नाई बाप्पा, तुले एकट्याले सोडून आम्ही नाई जात.

मंग वरती जरीच्या साड्या, फेटे, अत्तराचा वास. मामाजी कोट घालून काठावर. वरून वाकून, हात जोडून, "जयभीम जवाईबापू."

आता सासरे हात जोडून जयभीम घालतात, तर आपण एका हातानं कसा घेणार? म्या कडी सोडली, दोन्ही हात जोडले, "जयभी..." अन् गेलो खाली. वरून सगळ्या बाया एकदम किंचाळल्या, "घेतली! घेतली उडी!" कशीबशी कडी सापडली. नाकातोंडात पाणी. मालवणवाला म्हणे नाकानं श्वास घेऊ नका. विहिरीले कोण सांगणार?

मामाजी रडकुंडीले आले. "चुकलं आमचं. तुम्ही मोठे. काय पाहिजे ते सांगा."

"मामाजी, मले काही नको."

हे म्या म्हणायले नको होतं. वरती सगळ्यायनं एकमेकाकडं पाह्यलं. रुसलेला जवाई पहिले हेच म्हणते. रवी, माहा साडू, वरून म्हणे, "काही नको म्हणतात म्हणजे मोठं पाहिजे."

म्या ओरडलो, "अरे, खरंच नको! मले फक्त माही पॅन्ट द्या!"

मामाजीचा चेहरा उजळला. "पॅन्टच काय, अख्खा सूट शिवू! नांदुऱ्यात नाई, अकोल्यात!"

"सूट नाई, पॅन्ट! माही पॅन्ट! अन् तुम्ही सगळे जरा बाजूले व्हा, मंग मी येतो!"

"बोलायचंबी नाई म्हणतात आपल्याशी," मामी म्हणाल्या अन् पदर तोंडाले लावला. मले दात वाजल्यानं धड बोलता येईना, तर एक फेटेवाला काका म्हणे, "रागानं थरथरून राह्यले." शेवटी मामाजीनं छातीवर हात ठेवला अन् दोन जीपांसमोर, बायांसमोर, कचरूसमोर जाहीर केलं: "मोटरसायकल देतो! नवीन! निघा तुम्ही."

वाहवा झाली बे वरती. एकानं टाळीबी वाजवली. अन् त्या टाळीच्या मागून पायल आली.

मागच्या जीपमधी होती ती. गर्दी बाजूले सारून काठावर उभी राह्यली. गजरा एका बाजूले लोंबून राह्यला होता. खाली विहिरीतून वर पाह्यलं तर गोल आभाळ अन् त्यात तिचं तोंड. तिनं बापाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. हळूच बोलली, पण विहिरीत हळू बोललेलंबी घुमते.

"गाडी मागतली तुम्ही?"

"नाई."

"मंग हे टाळ्या काऊन वाजवून राह्यले?"

मागून मामाजी, "बाई, तू मधात पडू नको. जवायाचा मान असते."

"बाबा, मी उद्या वर्गात उभी राहून पोरींयले काय सांगू?" अन् तिचा आवाज फाटला. म्या तिले कधी असं पाह्यलं नव्हतं. घरी अदबीनं बोलत होती ना, तो राग होता, तो मी झेलला असता. हे वेगळं होतं. तिनं ज्या एका वाक्यावर माह्याशी लग्न केलं, ते वाक्य मी त्या विहिरीत बुडवून बसलो होतो. नाई मागतली म्हणावं तर कोणी मानत नाई. नको म्हणावं तर भाव वाढते. अन् चूप बसावं तर गाडी दारात येते.

तवा म्या सगळं सांगून टाकलं बे. सगळ्यायसमोर. की मी स्कुबाच्या सरावाले उतरलो. की कॉलेजात काही काम नव्हतं, खोटं बोललो. की मले पोहता येत नाई, पायलले येते, अन् त्या उन्हाळ्यात टॉवेल धरून बसलो तवापासून मले तिच्यासमोर पाण्याजवळ उभं राहाची लाज वाटते. म्हणून एकट्याले जायचं होतं, की भेलो तर तिनं पाहू नये.

मंग वरून कोणीतरी फिस्सकन हासलं. मंग दुसरं. मंग दोन्ही जीपा हासल्या. नवरदेव हासला. ज्या बाया माह्यासाठी रडत होत्या त्या सगळ्यायपेक्षा जास्त हासल्या. पायल नाई हासली. पण तिनं मानलं, मले दिसलं. तिनं बादली पाह्यली होती.

अन् मामाजीनं? मामाजीनं नाई मानलं! म्हणे, "जवाई मोठ्या मनाचे. आमची लाज राखायले स्वतःची गोष्ट लावून घेतली. गाडी पक्की! हेल्मेटसकट!" आता बोला. खरं सांगतलं तरी गाडी वाढून हेल्मेट आलं.

मी दमलो होतो राजेहो. पाय बधिर. मले एक समजलं, की रुसलेला जवाई काही मागितल्याशिवाय, ते भेटल्याशिवाय वर येतच नाई, या लोकायच्या डोक्यातून ते निघणार नाई. तर म्या म्हनलं, "मामाजी, मागतो. एकच. द्याल?"

पायलनं डोळे मिटले.

"जे मागाल ते!" मामाजी.

"सगळ्यायसमोर शब्द द्या. दुसरं काहीच द्यायचं नाई. गाडी नाई, सूट नाई, हेल्मेट नाई. आज नाई, कधीच नाई."

"दिला शब्द. काय पाहिजे?"

"मले पोहणं शिकवा."

मामाजी पाह्यतच राह्यले. मंग काय झालं त्यायले, कोट काढला, मामीच्या हातात दिला. घड्याळ काढलं, ते रवीच्या हातात दिलं. "पायलले इथंच शिकवलं म्या," म्हणे, अन् साक्षगंधाच्या पॅन्टवर पायऱ्या उतरायले लागले. मामी वरून ओरडल्या, "अवं माय, हे म्हातारं थंडीत!" पण कोणाले अडवायचं? जवायानं मागतलं अन् सासऱ्यानं दिलं. कायदेशीर झालं सगळं. बाया म्हणाल्या, निघाला एकदाचा रुसवा, अन् कापूस वेचाले गेल्या. पॅन्ट मंग पायलनं आणून दिली.

परतीत बसमधी पायल खिडकीपाशी बसली. मी शिंकून राह्यलो होतो. तिनं खिडकी लावली अन् बोलली. "तुम्हाले वाटते, मले एकट्यानं जायचा राग आला?"

"मंग?"

"विहिरीत तुम्ही बुडाले असते ना, तर मी साडीवर उडी मारली असती अन् काढलं असतं. मले येते. समुद्रात मी काय करू? मले समुद्र येत नाई. कोणत्या बाजूनं शोधू?"

कानात पाणी होतं, पण हे ऐकू आलं.

मंग घरी पोहोचल्यावर तिनं अट घातली. मालवणले खुशाल जा, एकटे जा, सही करते. पण पहिले मामाजीच्या विहिरीच्या तळाची माती हातात घेऊन वर यायचं. त्यायच्या वावरात पोट्टे-पोट्ट्या पोहाले शिकले की हीच परीक्षा. तळाले जाऊन मूठभर गाळ आणायचा, काठावर दाखवायचा. नाई आणला तोवर कच्चे.

तवापासून दर रविवारी मी नांदुरा. पाठीले रिकामी तेलाची कॅन बांधेल, मामाजी शिट्टी घेऊन काठावर, रवी टिंगल करायले हजर, मामी चहा घेऊन. कचरू तर खुर्चीच घेऊन येते. कॅन सुटली त्या दिवशी मी इतकं पाणी पेलो, की मामाजी म्हणाले, विहीर उतरली का बा थोडी. कान दुखतात, नाक वाहते, प्राचार्यांनी रजेच्या कारणात 'आजारपण' आधीच लिहून ठेवलं. लय थकलो बे. समुद्र राह्यला बाजूले, मले तर आता स्वप्नातबी हिरवं पाणीच दिसते.

अन् काल. काल म्या डोळे मिटून खाली गेलो, गेलो, गेलो, अन् बोटाले गार, मऊ काहीतरी लागलं. गच्च मूठ आवळली. वर आलो तवा छाती फुटायले आली होती. मामाजीनं शिट्टी मारली. पायल काठावर वाकून उभी. म्या हात वर केला, मूठ उघडली.

रिकामी. येता येता सगळी माती पाण्यात धुऊन गेली बे.

रवी हासला. कचरू म्हणे, खाली गेलेच नाईत, मधातूनच वळले. मामाजीनं शिट्टी खिशात टाकली. मी कडी धरून खालीच उभा, वर याले तोंड नाई.

पायल पायऱ्या उतरून पाण्यापाशी आली. माहा हात धरला, पालथा केला, एकेक बोट जवळून पाह्यलं. मंग वर बापाकडं तोंड करून म्हणाली, "नखात हाय."

सही केली तिनं काल. तो कागद हा माह्या खिशात हाय. आता कोण येते माह्या संगं मालवणले, ते सांगा. एकटा नाई जात मी.